नख कापा, बोट नको

आमच्या ऑफिसात नवी टाचणी हवी असेल तर आधी जुनी दाखवावी लागे. वाकलेली चालत असे, गंजलेली चालत असे, हरवलेली मात्र चालत नसे. मी टायपिस्ट म्हणून नोकरीला लागले त्या पहिल्याच सकाळी कागद जोडायला चार टाचण्या मागितल्या. समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, किती कागद आहेत?"

"चार."

"चार कागद जोडायला टाचण्या किती लागतात?"

"एक."

"मग उरलेल्या तीन कुणाच्या लग्नाला?"

तोंडावर आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. माघारी सगळं खातं त्यांना 'कात्री' म्हणे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. हुद्दा सुपरिंटेंडंट, काटकसर शाखा. शाखेत माणसं तीन: ते, मी आणि धोंडू शिपाई. खात्याचा खर्च जिथे जिथे अघळपघळ झाला असेल तिथे तिथे जाऊन तो छाटायचा, एवढंच आमचं काम. त्यामुळे दुपारच्या चहाला आमच्या शेजारी कुणी बसत नसे.

ऑफिस गिरगावात, एका दगडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. खाली रस्त्यावर रोज एखादा मोर्चा जायचा, 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्या वरपर्यंत यायच्या. मोर्चा आला की भाऊसाहेब खिडकी लावून घेत. चळवळीला विरोध म्हणून नव्हे. खिडकी उघडी राहिली की वारा येतो, वारा आला की कागद उडतात, कागद उडू नयेत म्हणून पेपरवेट लागतात, आणि पेपरवेटची मागणी त्यांनी स्वतःच मागच्या वर्षी फेटाळली होती.

माणूस उंच, वाळका, खोकणारा. अंगात काळा कोट. तो एकदा उसवून, उलटवून पुन्हा शिवलेला, त्यामुळे वरचा खिसा उजव्या बाजूला आलेला. आलेली पाकिटं ते वाफेवर उकलत, आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवत आणि त्यातूनच सरकारी पत्रं पाठवत. एकदा सरकारच्या तिजोरीतल्या तुटीबद्दलचं एक गंभीर टिपण त्यांनी सचिवालयात धाडलं ते धोंडूच्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटातून. कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू उलट बाजूनंही उमटलं होतं. आठवड्यानं टिपण परत आलं. खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तुटीची नोंद घेतली. मुहूर्त कळवावा.'

भाऊसाहेबांनी ते शेऱ्यासकट फायलीला लावलं. कागदाची मागची बाजू कोरी होती, म्हणून ती कच्च्या हिशेबाला वापरली.

तुटीबद्दल त्यांचं स्वतःचं एक मत होतं. ते म्हणत, "बाई, तूट पडते वरच्या मजल्यावर, आणि भरून काढायला माणसं उतरतात तळमजल्यावर. मोटारीला हात लावायचा म्हटलं तर मोटार हॉर्न वाजवते. म्हातारा हमाल बिचारा काय वाजवणार?" आणि मग दोन बोटांची कात्री करून हवेत चालवत आपलं नेहमीचं वाक्य म्हणत, "कापायचंच आहे ना? नख कापा, बोट नको."

बोटं त्यांच्या लेखी दोन. एक, खात्यातून निवृत्त झालेल्या गरीब माणसांचं पेन्शन. दुसरं, परळचा दवाखाना. या दोहोंच्या फायली ते स्वतःच्या टेबलाखाली पायाशी ठेवत, आणि कुणी मागितल्या तर आधी पाय हलवत नसत.

असं का, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. गिरगावातल्याच एका चाळीत दोन खोल्या होत्या. मला वाटलं होतं, या घरात चहासुद्धा अर्धा कप मिळेल. तर वहिनींनी माझ्यापुढे साजूक तुपातला शिरा ठेवला तो ताटलीच्या काठाबाहेर सांडेल एवढा. भाऊसाहेब शेजारी बसून आग्रह करत होते. "घ्या, घ्या. हे सरकारचं नाही."

ते पान लावायला आत गेले तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "आमचे मामंजी तुमच्याच खात्यात हमाल होते. त्यांचं पेन्शन एका सहीवाचून अडलं होतं. हे रोज फेऱ्या मारायचे. मामंजी गेले आणि तेराव्या दिवशी सही झाली. तेव्हापासून यांचं हे असं."

एवढंच. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि भाऊसाहेब तर मुळीच नाहीत.

परळचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाक, रोज येणारा कंपाउंडर आणि आठवड्यातून तीनदा येणारे एक डॉक्टर. खात्यातले कामगार आणि पेन्शनर एवढ्यांसाठीच. दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की भाऊसाहेब तिथे जाऊन बसत. कापण्यासारखं काही सापडतंय का ते बघायला जात असत, पण तिथली कात्री वेगळी चाले. त्यांच्या लक्षात आलं की औषधाच्या रकमेतला मोठा वाटा बाटल्यांवर जातो. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पेशंटने बाटली घरून आणावी.' बाटल्यांचे पैसे वाचले ते सरकारला परत न करता त्यांनी औषधात घातले. खोकल्याचं औषध पूर्वी महिन्याच्या वीस तारखेला संपायचं, ते आता शेवटपर्यंत पुरू लागलं.

लोक मिळेल ती बाटली आणू लागले. माक्याच्या तेलाच्या, शाईच्या, सरबताच्या. त्या काळी मुंबईत दारूबंदी होती, पण जुन्या बाटल्या काही कुणी फेकून दिल्या नव्हत्या. सखाराम नावाचा एक म्हातारा पेन्शनर होता, आमच्या गोदामाचा जुना पहारेकरी. मालवणकडचा, घोडपदेवला राहणारा. तो एका शनिवारी चपट्या बाटलीत तपकिरी औषध घेऊन निघाला आणि लालबागच्या नाक्यावर हवालदारानं त्याला धरला.

बातमी दवाखान्यात आली तेव्हा भाऊसाहेब आणि मी बोळ्यांच्या कापसाचा हिशेब तपासत होतो. आम्ही धावत चौकीवर गेलो. हवालदार बाटलीचं बूच काढून हुंगत होता.

"वास येतोय," तो म्हणाला.

"खोकल्याच्या औषधाला वास असतोच," भाऊसाहेब म्हणाले.

"बाटली बघा कसली आहे!"

"बाटलीवर गुन्हा घालता की मालावर?"

"साहेब, माल तपासायला पाठवावा लागेल."

"कशाला? सरकारचा टपालखर्च." असं म्हणून त्यांनी बाटली उचलली आणि निम्मी घटाघटा पिऊन टाकली. सखाराम कळवळला, "अरे, आठ दिवसांचा माझा औषद ता!"

हवालदारानं घड्याळ बघितलं. माणसाला चढते का, हे पाहायला त्यानं आम्हाला अर्धा तास बसवून ठेवलं. मग फरशीच्या एका रेघेवरून भाऊसाहेबांना चालायला लावलं. ते सरळ चालले, परत आले आणि म्हणाले, "आता पावती द्या. सरकारी औषध, अर्धी बाटली, पोलीस तपासकामी खर्ची पडली." पावती घेतल्याशिवाय ते चौकीतून हलले नाहीत. दवाखान्यात परतल्यावर मात्र बाकावर आडवे झाले ते संध्याकाळपर्यंत झोपले. कंपाउंडरनं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

पुढे एका वर्षी तिजोरीतली तूट फारच वाढली, आणि फतवा निघाला की प्रत्येक खात्यानं रुपयामागे दोन आणे खर्च कमी करून दाखवावा. नवे पैसे तेव्हा सुरू झाले होते, पण भाऊसाहेबांपुरते आणेच चालू होते. आमचे मोठे साहेब नुकतेच बदलून आले होते. गोड बोलणारे, सुवासिक रुमाल बाळगणारे. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. लघुलेखनाला म्हणून मीही वही घेऊन गेले.

साहेबांनी खर्चाच्या तक्त्यावर लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारून ठेवल्या होत्या.

"हा दवाखाना बंद. आणि हे एक्केचाळीस पेन्शनर, खालच्या वर्गातले. यांच्या हयातीच्या दाखल्यांवर सही कुणाची? दवाखान्याच्या डॉक्टरची. तो काही गॅझेटेड अधिकारी नाही. म्हणजे दाखले बाद. माणूस जिवंत आहे याला पुरावाच नाही. पेन्शन थांबवा. झाले दोन आणे."

"साहेब, ते जिवंत आहेत."

"मग येऊ देत की. महिनाअखेरच्या दिवशी सकाळी अकराला माझ्यासमोर जातीनं हजर राहू देत. मी सही करीन."

"त्यांना चालवत नाही, साहेब. चालवत असतं तर नोकरीतच राहिले असते."

साहेब हसले. "भाऊसाहेब, तूट सरकारची आहे, माझी नाही. दवाखाना ठेवायचा असेल तर तेवढ्याच रकमेची दुसरी काटछाट सुचवा. मी विचार करीन."

"नख कापा, साहेब, बोट—"

"शरीरशास्त्र दवाखान्यात," साहेब म्हणाले, आणि रुमाल नाकाला लावला.

बाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी कॅलेंडर बघितलं. नऊ दिवस होते. "बाई," ते म्हणाले, "उद्यापासून आपण माणसं जिवंत आहेत का ते बघत फिरायचं."

आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही. एखाद्याच्या दारात उभं राहून 'तुम्ही जिवंत आहात का?' हे सभ्यपणे कसं विचारायचं? लालबागला कृष्णाबाई म्हणून निवृत्त झाडूवाली होती. तिच्या सुनेला वाटलं, आम्ही देवीची लस टोचणारे. "सासूबाई गावाला गेल्यात," ती म्हणाली, आणि कॉटखालून शिंक आली. परळला एक ठार बहिरा हमाल भेटला. "आजोबा, हयात आहात ना?" असं मी त्याच्या कानात ओरडले, तर तो म्हणाला, "होय होय, बरा हाय. तुमी?" सखारामनं मात्र आम्हाला दारातच झापलं.

"मी मेलंय म्हणान कोणी सांगल्यान तुका?"

"कुणी नाही सांगितलं. जिवंत आहे असंही कुणी लिहून दिलेलं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मग मी ह्यो बोलतंय कोण? भूत?"

"सरकारदरबारी अजून ठरायचंय."

आठ दिवसांत एक्केचाळीसही माणसं सापडली. सगळी हयात. भाऊसाहेबांनी प्रत्येकाला सांगितलं, महिनाअखेरच्या दिवशी सकाळी आठ वाजता परळच्या दवाखान्यात जमायचं, तिथून ट्रामनं गिरगाव. ट्रामचं भाडं ते स्वतः देणार होते. त्यासाठी ऑफिसात मंजुरी मागितली असती तर त्यांनाच ती फेटाळावी लागली असती.

त्या सकाळी म्हातारेकोतारे जमले. कुणी काठी टेकत, कुणी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. कृष्णाबाईला धोंडूनं हातगाडीवर बसवून आणलं होतं. ट्रामस्टॉपवर आलो तर ट्राम बंद. पुढे कुठे लाठीमार झाल्यावरून अचानक हरताळ पडला होता. दुकानांच्या फळ्या धडाधड लागत होत्या. भिंतीवर जमावबंदीचा हुकूम डकवलेला होता.

भाऊसाहेबांनी तो हुकूम शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र यायला बंदी आहे. म्हणजे चार चालतात. बाई, ही एक्केचाळीस. मी, तुम्ही आणि धोंडू मिळून चव्वेचाळीस. चार-चारचे अकरा गट. बाकी शून्य!" त्यांना त्या भागाकाराचा इतका आनंद झाला की पायी जावं लागणार हे ते विसरूनच गेले. दोन गटांत दहा पावलांचं अंतर ठेवायचं, अशी ताकीद देऊन त्यांनी छत्री उंच धरली आणि आम्ही निघालो. गावठाणातल्या पालखीच्याही मागे पडू अशा चालीनं.

पहिली पाच मिनिटं गट नीट चालले. मग बहिरा हमाल मागे राहिला, त्याला घ्यायला दोघं थांबले, त्यांच्या मागचे चौघं त्यांच्यावर येऊन आदळले. लालबागला पोचेपर्यंत अकरा गटांचा एकच झाला होता. सर्वांत पुढे छत्रीवाले भाऊसाहेब, हातात पेन्शनरांची यादी. मागे हातगाडीवर कृष्णाबाई. चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, म्हातारेसुद्धा उतरले रे!"

आणि संपलंच. बायका तांबे घेऊन धावल्या. कुणी कृष्णाबाईच्या गळ्यात हार घातला. भाऊसाहेबांच्या कपाळाला बोटभर गुलाल.

"अहो, आम्ही सत्याग्रही नाही!" ते घसा ताणून सांगत होते. "आम्ही पेन्शनवाले!"

"पेन्शनवाल्यांचा विजय असो!" शे-दीडशे माणसं ओरडली.

"अरे बाबांनो, जमावबंदी आहे, लांब राहा! चार-चार!"

"चार-चार काय, चाळीस लाख येतील!" एक गिरणी कामगार म्हणाला आणि त्यानं भाऊसाहेबांना खांद्यावरच घेतलं. तिथून त्यांना समोर आलेली पोलिसांची गाडी सगळ्यांच्या आधी दिसली.

फौजदार तरुण होता आणि सकाळपासून वैतागलेला होता. आजूबाजूचे सगळे पळाले. आमच्यातल्या कुणालाच पळता येत नव्हतं. दोन गाड्या भरून आम्हाला पोलीस ठाण्यात नेलं. चढताना सखाराम शिपायाला म्हणाला, "हळू रे झिला, गुडघो दुखता." त्यानं त्याला उचलून बसवलं.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिकडे साहेब वहीत 'एकही हजर नाही' असं लिहीत असणार. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. गुलाल घामानं ओघळून शर्टावर उतरला होता आणि चेहरा असा, की मला वाटलं हे आता इथेच रडतात. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी एक लेटमार्क घेतला नव्हता, ते अटकेत होते. आणि एक्केचाळीस माणसांची महिन्याची भाकरी त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत घातली होती.

"माझी चूक झाली, बाई," ते एवढंच म्हणाले.

तेवढ्यात फौजदार कपाळाला हात लावून बसला. "एवढ्या लोकांची नावनिशी कोण लिहिणार? दुपारी मॅजिस्ट्रेटसाहेब येणार आहेत. प्रत्येकाला बघतील, यादीवर सही करतील, मग सोडायचं की नाही ते ठरेल. आमचा रायटर हरताळात अडकलाय."

भाऊसाहेबांनी हळूच मान वर केली. "मॅजिस्ट्रेटसाहेब जातीनं बघणार? प्रत्येकाला?"

"हो."

"ते गॅझेटेड असतात ना?"

"मॅजिस्ट्रेट आहेत ते!"

"फौजदारसाहेब," भाऊसाहेब उठून उभे राहिले, "या बाई मिनिटाला चाळीस शब्द टाइप करतात."

ठाण्यात एक धुळीनं भरलेलं टाइपरायटर होतं. धोंडूनं ते आपल्या टोपीनं पुसलं. भाऊसाहेब मागे हात बांधून येरझाऱ्या घालत सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. नाव. वय. राहण्याचं ठिकाण. निवृत्तीपूर्वीचा हुद्दा. पेन्शन क्रमांक.

"पेन्शन क्रमांक कशाला?" फौजदारानं विचारलं.

"ओळख चुकू नये म्हणून. एका नावाची दोन माणसं असतात, साहेब. उद्या तुमच्यावर ठपका नको."

"हे बरं सुचलं तुम्हाला," फौजदार म्हणाला आणि त्यानं आमच्यासाठी चहा मागवला. शेवटच्या ओळीत मी टाइप केलं, 'वरील सर्व इसम आज रोजी माझ्यासमोर जातीने हजर होते व त्यांची ओळख पटली.' खाली सहीसाठी जागा सोडली. ऐसपैस. सहीच्या जागेत भाऊसाहेब कधी काटकसर करत नसत.

दुपारी मॅजिस्ट्रेट आले. एकेकाचं नाव पुकारलं गेलं. कृष्णाबाई हारासकट उभी राहिली. बहिऱ्या हमालाला सखारामनं कोपरानं ढोसलं. सगळं बघून मॅजिस्ट्रेटनी फौजदाराकडे एक नजर टाकली. फौजदार खाली बघू लागला. ताकीद देऊन आम्हाला सोडण्यात आलं आणि यादीवर सही झाली, शिक्का बसला. भाऊसाहेबांनी नकलेची फी तिथल्या तिथे भरली, आणि नक्कल उलट्या कोटाच्या उजव्या खिशात ठेवली.

मी घरी पोचले तेव्हा आई दारात उभी. बातमी आधीच आली होती. "अगं, लग्न व्हायचंय अजून तुझं!" असं म्हणून तिनं कपाळ बडवलं. पण शेजारच्या काकू ओवाळायला आल्या, तशी तीही मुकाट्यानं बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ती नक्कल ठेवताना भाऊसाहेबांच्या कपाळावर गुलालाचा डाग अजून पुसट दिसत होता.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "ही अटक झालेल्यांची यादी आहे!"

"होय. गॅझेटेड अधिकाऱ्याच्या सहीची. तारीख कालचीच आहे."

"चळवळीत भाग घेतल्याबद्दल मी या सगळ्यांचं पेन्शन रोखू शकतो, ठाऊक आहे?"

"रोखू शकता, साहेब. गैरवर्तनाचा नियम आहे. पण त्यासाठी आधी ते हयात आहेत असं आपल्याला लेखी मान्य करावं लागेल. मयत इसमावर कारवाई करायचा नियम नाही. आणि हयात आहेत असं मान्य केलं की या महिन्याचं पेन्शन आधी द्यावं लागतं."

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. खालून पुन्हा एक मोर्चा चालला होता. कृष्णाबाईचं पेन्शन थांबल्याची बातमी त्या मोर्चात पोचली तर काय होईल, याचाही त्यांनी विचार केला असावा. त्यांनी यादीवर सही केली.

"आणि दवाखाना? तेवढ्या रकमेची दुसरी यादी?"

भाऊसाहेबांनी दुसरा कागद पुढे केला. साहेबांची दुसरी मोटार, बंगल्यावरचे चार शिपाई, बैठकांचा फराळ, गालिचे. साहेब एकेका ओळीवर थांबत, "हे अशक्य," "हे गरजेचं," म्हणत खोडत गेले. गालिचे आणि फराळ तेवढा राहिला, दोन शिपाई राहिले. बेरीज केली तर रक्कम बरीच कमी पडत होती.

"नाही जमत, भाऊसाहेब. दवाखाना बंद करावा लागेल."

भाऊसाहेबांनी कानावरचा पेन्सिलीचा तुकडा काढला आणि कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली. मी मान उंचावून वाचली. 'सुपरिंटेंडंट, काटकसर शाखा, पद एक. रद्द करावे.'

साहेबांनी एवढ्या झटपट सही केलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

पद गेलं तसे भाऊसाहेब मुदतीच्या दोन वर्षं आधी घरी बसणार हे ठरलं. नोकरीची वर्षं कमी भरली, त्यामुळे पेन्शनही तेवढं कमी झालं. त्याचा हिशेब त्यांनी स्वतः केला आणि मी टाइप केला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. "वहिनींना काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, शिऱ्यात तूप कमी होणार नाही. मग झालं तर."

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सखाराम आणि कृष्णाबाई दोन जिने चढून, धापा टाकत आमच्या टेबलापाशी आले. सखारामनं धोतराच्या सोग्यातून घडी केलेला कागद काढला. कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज होता. 'आम्हा एक्केचाळीस पेन्शनरांच्या पेन्शनातून दर महिन्याला प्रत्येकी दोन आणे कापून घ्यावेत, आणि ते भाऊसाहेबांच्या पेन्शनात घालावेत.' खाली एक्केचाळीस अंगठे.

"ह्या घेवा," सखाराम म्हणाला, "आणि पावती देवा."

भाऊसाहेबांनी अर्जाची रीतसर आवक-नोंद केली, पावती दिली, दोघांना पाणी दिलं. ते गेल्यावर एकेक अंगठा बोट ठेवून मोजला. मग दौतीत टाक बुडवून समासात शेरा लिहिला, 'नियमात बसत नाही. नामंजूर.' आणि सही केली.

सरकारी कागद किती वर्षं जपायचा, हे त्याच्यावर अक्षर घालून ठरवतात. नामंजूर अर्जावर 'ड' पडतो, म्हणजे वर्षभर ठेवून जाळायचा. धोंडू 'ड'च्या गठ्ठ्यासाठी हात पुढे करून उभा होता. भाऊसाहेबांनी कागद त्याला दिला नाही. पुन्हा टाक बुडवला, वरच्या कोपऱ्यात मोठं 'अ' काढलं, आणि खाली शब्दांत लिहिलं, 'कायम.'

पुढे चळवळीला यश आलं, महाराष्ट्र झाला, खात्याचं नाव बदललं, माझं लग्न झालं, मुलं झाली. भाऊसाहेब आठ वर्षं ते कमी झालेलं पेन्शन घेऊन एके सकाळी गेले. दवाखाना मी नोकरीत असेपर्यंत चालू होता. मी निवृत्त व्हायच्या आधी रेकॉर्ड-रूममध्ये आवराआवर निघाली होती. तिथला तरुण कारकून एक फाईल घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, ही बघा गंमत. नामंजूर अर्ज आणि 'अ' वर्गात! कुणीतरी चूक केलेली दिसते. जाळायला काढू?"

मी फाईल उघडली. कागद पिवळा पडला होता. अंगठे सगळे होते.

"चूक नाही," मी म्हटलं. "जिथे होती तिथे नेऊन ठेव."